शिडासारखे शिवलेले पंख

मी कशालाही भीत नाही, असा भिवंडीत आमच्या कामतघरच्या चाळीत माझा लौकिक आहे. पाण्यावरून भांडण झालं की मला पुढे करतात, घरमालकाशी बोलायचं असलं की मला पुढे करतात. तोंड फाटकं आहे माझं, मी कुठे नाही म्हणते? पण गेल्या वर्षी मोबाईलवरच्या एका कार्टूनमधल्या पंखवाल्याला बघून माझी पाचावर धारण बसली होती. दुपारी घरात एकटी असले की मी मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसायला फारसं काही नाही.

हा पंखवाला माझ्या भाच्याचा, म्हणजे भावाच्या मुलाचा लाडका. भाऊ माझ्याहून लहान, राहतो जवळच्याच पूर्ण्याला, आमच्या माहेरच्या घरात. जिथे आम्ही भात लावायचो तिथे आता गोडाऊनं आहेत आणि भावाच्या दारात हायड्रा उभी असते. हायड्रा म्हणजे जड माल उचलणारी, चाकांवरची क्रेन. दिवसा ती गोडाऊनवाल्यांकडे भाड्याने जाते आणि संध्याकाळी हळदींना, वाढदिवसांना. आम्हा आगऱ्यांची हौस काही विचारू नका. नवरदेव मांडवात नुसता चालत आला तर लोकांना वाटतं घरात काही बिनसलंय. तो हायड्राच्या हुकाला पाळणा बांधून वरून उतरला पाहिजे, खाली डीजे आणि चारी बाजूंनी धूर.

भाच्याच्या पाचव्या वाढदिवसाला भावाने ठरवलं, की पोरगा स्टेजवर सुपरहिरो होऊन उभा राहील, छातीवर चिलखत, पाठीला लाल केप. पंखवाला राक्षस हायड्रावरून खाली येईल. पोरगा त्याच्यावर बंदुकीतून फेस उडवेल, राक्षस मान टाकेल आणि मग केक. राक्षस व्हायला ठाण्याचा एक पोरगा ठरवला होता. त्याचा मुखवटा आणि ड्रेस आधीच येऊन पडला. त्यातले पंख बघून भावाचं डोकं फिरलं. म्हणाला, याहून मोठे तर कोंबडीला असतात. लगेच मला फोन. मी शिवणकाम करते, साडीच्या फॉलपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं. भाऊ म्हणाला, ताय, मला असे पंख पाहिजेत की मांडवातली पोरं रडली पाहिजेत.

पंख कसे असतात ते बघायला मी कार्टून लावून बसले. माझी मुलगी पहिलीत आहे, तिनेच लावून दिलं आणि स्वतः माझ्या पाठीमागे लपली. मला वाटलेलं, असतील शिंगं, सुळे, लाल डोळे. तसलं असतं तर मी घाबरले नसते, गणपतीच्या देखाव्यांत लहानपणापासून तसले राक्षस बघतोय आपण. ह्याचं तोंड मात्र माणसाचं. नीट भांग पाडलेला, ओठांवर हलकं हसू, बँकेत काउंटरमागे बसलेला असावा असा. तो कोणाशी तरी चांगलं बोलत असतो आणि बोलता बोलता त्याच्या शर्टाच्या आत पाठीवर काहीतरी हलायला लागतं. शर्ट फुगतो, फाटतो, आणि ओली काळी कातडी उलगडत जाते. तोंड तेच राहतं, हसू तेच राहतं. त्या न बदलणाऱ्या तोंडाने माझी झोप उडवली.

खांद्याशी जोड कुठे येतो ते कळेना म्हणून मला ते पुन्हा पुन्हा थांबवून बघावं लागलं. बघता बघता एक लक्षात आलं. ह्या गोष्टींत हिरोही उडतो आणि राक्षसही उडतो. हिरो नुसता हात पुढे करतो आणि निघतो, पाठीवर केप लोंबते, ती पदरासारखी मिरवायला. ज्याला खरे पंख आहेत, तो वाईट. हे कुठलं शास्त्र? आमच्या गावच्या देवळात गरुड हात जोडून बसलाय, अंग माणसाचं आणि पाठीला पंख, आम्ही त्याच्यापुढे नारळ ठेवतो. त्याची कधी भीती वाटली नाही. मी मुलीला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, गरुड देवाला घेऊन जातो, हा माणसांना घेऊन जातो.

कापड मी शेजारच्या लूमवरून, यंत्रमागाच्या कारखान्यातून घेतलं, जाड, घट्ट विणीचं, आणि काळं रंगवून आणलं. पंख शिवायला मला कोणी शिकवलेलं नाही. पण मोठं कापड वाऱ्यात कसं टिकवायचं ते मला येतं, कारण माझा बापूस खाडीत शिडाची होडी चालवायचा. शीड घरीच शिवायचे. अंगणात ते पसरून मी आणि आय दोन बाजूंनी बसायचो. काठ दोनदा दुमडायचा, दुमडीत दोर घालायचा आणि टाका असा ओढायचा की बोटाला घट्टे पडले पाहिजेत. कापड कधी सपाट ताणायचं नाही, मधे थोडं सैल सोडायचं. त्याला बापूस शिडाचं पोट म्हणायचा. पोट नसलेलं शीड वारा धरत नाही, नुसतं फडफडतं.

मी पंख तसेच शिवले. काठात दोर, आत बांबूच्या कामट्या, मधे पोट. पोट का ठेवलं? एक तर कार्टूनमधले पंख फुगीर दिसायचे, आणि दुसरं म्हणजे माझ्या हाताला वेगळं काही येतच नव्हतं. वारा धरणारी वस्तू मी माणसाच्या पाठीला बांधायला शिवतेय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट चाळभर सांगत फिरत होते, की फाडून दाखवा कोणीतरी.

ते तयार पंख मागच्या खोलीत पोटमाळ्याच्या खिळ्याला टांगले आणि घरातलं स्वास्थ्य गेलं. पंखा लावला की ते हळूच फुगायचे आणि बसायचे, श्वास घेतल्यासारखे. मुलगी मागच्या खोलीत पाऊल टाकेना. अगं कापड आहे, तुझ्या आईनेच शिवलंय, अशी तिची समजूत काढता काढता एकदा मीच त्यांना चप्पल फेकून मारली.

एका दुपारी आमच्या ह्यांनी माप बघायला म्हणून ते अंगावर चढवले. हे, म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. हे पूर्ण्याच्या एका गोडाऊनमधे कामाला आहेत, कमरेला बेल्ट लावून उंच रॅकवरून माल काढायचा. शांत माणूस, घरात आहेत की नाही कळत नाही. त्या दिवशी मुखवटाही घातला, तेच भांग पाडलेलं हसरं तोंड, आणि तेवढ्यात लाईट गेली. कामतघरात लाईट गेली की आजूबाजूचे लूम एकदम थांबतात. ज्या खडखडाटाकडे एरवी लक्षही नसतं, तो नसला की अंगावर येतं. त्या शांततेत हे दारातून आत आले आणि पंखांनी सगळा उजेड अडवला. आत कोण आहे मला ठाऊक होतं, तरी मी किंचाळले. मुलगी शेजाऱ्यांच्या घरात पळाली ती जेवायलाही येईना, त्या रात्री झोपली पण तिकडेच. ह्यांनी मुखवटा काढला आणि ओशाळून म्हणाले, अगं मीच आहे. मी त्यांना असं झापलं की विचारू नका. घाबरले की मला राग येतो, तो माझा जुना रोग आहे.

वाढदिवसाला पूर्ण्याच्या मोकळ्या प्लॉटवर स्टेज बांधलं, पुढे मांडव, मागे मटणाचे टोप. अख्खं गाव लोटलं होतं. ठाण्याचा पोरगा ट्रॅफिकमधे अडकलाय असं आधी कळलं, मग त्याचा फोनच लागेना. भिवंडीच्या रस्त्यांना हे रोजचं, पण भाऊ लालबुंद झाला. त्याची नजर फिरत फिरत ह्यांच्यावर येऊन थांबली. म्हणाला, दाजी, तुम्ही तर रोज बेल्ट लावून वर चढता, तुम्हाला काय त्याचं?

माझी आय पुढे झाली. "जावयाला कोन टांगतं काय रं?" तिने भावाला विचारलं. आमच्याकडे जावई दारात आला की पहिला पाट त्याचा, पहिलं ताट त्याचं. त्याला हुकाला लावायचं म्हणजे काय! मीही तोंड उघडणार होते, पण ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. ह्यांचा पगार तो केवढा, आणि समोर मेव्हण्याची ही श्रीमंती. अशा माणसाला त्याच दारात नाही म्हणणं किती जड जातं ते मला दिसत होतं आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. मुलीला सांगू नको एवढंच हे म्हणाले, उगाच घाबरेल. तिला मी सांगितलं की पप्पांना ड्युटीवर बोलावलंय.

स्टेजमागे मीच ह्यांना पंख चढवले. बेल्ट आतून, त्याची कडी पाठीवर, कडीत हुक. पंखाच्या टोकाची दोरी मनगटाला बांधायची होती, म्हणजे हात पसरले की पंख पसरणार. ती गाठ मी बापसाने शिकवलेली मारली. शिडाच्या दोरीला तो कधी पक्की गाठ मारू द्यायचा नाही. वारा फिरला तर सोडायला वेळ मिळत नाही म्हणायचा. एक टोक मोकळं ठेवायचं, ते ओढलं की सगळी गाठ सुटते. दोन्ही मनगटांची ती टोकं मी ह्यांच्या हातमोज्यांत, तळहातावर खोचून दिली. कशासाठी, ते सांगायचं राहिलं. भाऊ मागून ओरडत होता, आवरा, आवरा.

हायड्राने ह्यांना उचललं तेव्हा दिवे लागायची वेळ होती. म्हणजेच खाडीवरून वारा सुटायची वेळ. जिचं लहानपण त्या वाऱ्यात गेलं तिला हे आधी आठवायला नको? मला ते मांडवाची झालर आडवी झाली तेव्हा आठवलं. हे स्टेजच्या बरेच वर पोचले, ठरल्याप्रमाणे हात पसरले, आणि पंखांनी वारा घेतला.

लोकांनी काय शिट्ट्या मारल्या! त्यांना पंखवाला दिसत होता. मला शीड दिसत होतं, भरून टणक झालेलं, आणि त्याला बांधलेला माझा नवरा. हात आता त्यांनी पसरलेले नव्हते, ते खेचले गेले होते आणि मिटता येत नव्हते. सगळं अंग मागे तिरकं उचललं गेलं. हुकाची वायर तिरपी झाली आणि हे गरगर फिरत एका बाजूला सरकायला लागले. त्या बाजूला गोडाऊनकडे जाणाऱ्या लाईटच्या तारा होत्या.

हे वर पाय झाडत होते आणि मुखवट्याचं तोंड मात्र तेच, भांग पाडलेलं, हसरं. शेजारची बाई म्हणाली, काय ॲक्टिंग करतोय बघ मेला. डीजे असा दणाणत होता की छातीची हाडं हलत होती, त्यात हे ओरडत असतील तरी कोणाला कळणार? मी त्या कार्टूनला घाबरले होते ना, ती भीती म्हणजे काहीच नव्हती. माणसांना घेऊन जातो, हे मुलीचं बोलणं तेवढं डोक्यात घुमत होतं.

मी हायड्राकडे धावले. ड्रायव्हर यूपीचा. त्याला हातवारे करून, कानाशी ओरडून सांगितलं, नीचे लो. तो म्हणाला, सेठने केक कटने तक मना किया है. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्याने नीट वर बघितलं आणि त्याचाही चेहरा उतरला. त्याने वायर थोडी सोडली तर झोका वाढला आणि हे तारांच्या आणखी जवळ गेले. त्याने घाबरून हात काढून घेतला. "भाभी, हवा भरी है," तो म्हणाला, "पहले पंख बंद करवाओ."

पंख बंद करायचे तर गाठ सोडायला हवी. गाठीची टोकं ह्यांच्याच तळहातात होती आणि ह्यांना ते माहीतच नव्हतं.

मी डीजेच्या टेबलाकडे गेले. बटण शोधत बसले नाही, हाताला आली ती वायर खेचली. एकदम सगळं थांबलं, घरी लूम थांबतात तसं. त्या शांततेत फक्त पोरांचा ओरडा उरला, त्यांना डीजेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यात सगळ्यात पुढे, सगळ्यात वरच्या पट्टीत, माझी मुलगी. ज्याला घाबरून ती शेजाऱ्यांकडे झोपली, तो आज हरत होता. स्टेजवरच्या माझ्या भाच्याला ती हात उंचावून सांगत होती, "मार त्याला, पाड खाली, मरू दे त्याला!"

मी वर बघून ओरडले, अहो! मांडवातल्या अर्ध्या पुरुषांनी वळून बघितलं. वरचे मात्र फिरतच राहिले. आणि मग मी त्यांचं नाव घेतलं. आयसमोर, भावासमोर, सगळ्या गावासमोर, छातीत होता नव्हता तेवढा श्वास लावून, नुसतं नाव, परत परत. मुखवटा माझ्याकडे वळला.

"मुठीत दोरीचं टोक हाय," मी ओरडले. "शिडाची गाठ हाय ती. दोन्ही टोकं एकदम ओढा!"

एक पंख सुटला असता आणि दुसरा राहिला असता, तर वाऱ्याने ह्यांना तारांवरच नेऊन टाकलं असतं. एकदम, एकदम, असं मी किती वेळा ओरडले देव जाणे. ऐकू गेलं की नाही कळेना. खालून बोटं दिसत नव्हती. एकवीरा आईला काहीतरी नवस बोलले, काय बोलले ते आजही आठवत नाही, म्हणून दर वेळी गडावर गेले की सुचेल ते सगळं करते.

मग फट्कन आवाज झाला. दोन्ही पंख एकाच वेळी ढिले पडले आणि पोट गेलेल्या शिडासारखे फडफडायला लागले. वायर हळूहळू सरळ झाली. ड्रायव्हरने ह्यांना स्टेजच्या मागे, मातीत उतरवलं.

मुखवटा मी काढला. आतला माणूस घामाने निथळत होता, ओठ पांढरेफटक, मनगटांवर दोरीचे काळेनिळे वळ. भाऊ धावत आला, दाजी दाजी करत रडायला लागला. त्याच्यावर मी हात उगारला होता, पण ह्यांनी माझा हात धरला. आणि बोलले काय?

"एक टाका उसवला न्हाय तुझा."

मी तिथेच मातीत बसून ढसाढसा रडले. मुलगी स्टेजच्या कोपऱ्याला उभी होती. बापाचं नाव तिनेही ऐकलं होतं. ती जवळ आली नाही, ह्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

रिक्षाने घरी येताना ती माझ्या मांडीवर झोपली. तेव्हा ह्यांनी हळू आवाजात सांगितलं, की वर असताना तारांचा विचारसुद्धा आला नाही. डोळ्यांपुढे सगळं फिरत होतं आणि खाली काय चाललंय कळत नव्हतं. डीजे थांबला तेव्हा पहिल्यांदा एक आवाज ओळखीचा आला, तो हिचा. "मरू दे म्हनत होती गं ती," एवढंच बोलले आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले. तिला कुठे माहीत होतं, असं मी म्हणाले. ते त्यांनाही ठाऊक होतं, पण त्याने लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी मी पंख उसवायला घेतले. उसवेनात. सुई घातली, ब्लेड घातलं, शेवटी कात्रीने फाडफाड कापले. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. त्यानंतर बरेच दिवस ती बापाजवळ गेली नाही. ह्यांनी हाक मारली की यायची, पण हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबायची. मला वाटायचं, अजून तिला त्यांच्यात पंखवाला दिसतोय. मी तिला रागावलेसुद्धा एकदा, बाप आहे तुझा, खातोय का तुला? ती रडली पण सांगितलं काही नाही. ती त्यांना भीत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे ड्युटीवरून येऊन चहा घेत बसले होते, वळ अजून पुसट दिसत होते. ती आली, त्यांच्या मनगटावर एक बोट ठेवलं आणि खाली बघूनच विचारलं, "पप्पा, मी खालून ओरडत होते, ते तुला ऐकाला आलं?"

माझा हात पिठात थांबला. ह्यांना खोटं बोलता येत नाही. साधी रजा काढायला पोटदुखी सांगायची तरी ह्यांचे कान लाल होतात.

"न्हाय गं बाय," हे म्हणाले. "डीजे केवढा मोठा होता. काय ऐकाला येतंय?"

ती त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि शर्टात तोंड खुपसलं. डीजे तेव्हा बंद होता. त्याची वायर मी स्वतःच्या हाताने खेचली होती आणि खेचताना तिने मला बघितलं होतं. तिने शर्टातून तोंड वर काढलं नाही. मी भाकरी तव्यावर टाकली.